तंदूरपाशी बसलेली बाई

कोकिळानं मांडा दोन्ही हातांवर पसरून तापल्या खापरावर टाकला आणि मान वर केली. केळीच्या बागेच्या कडेनं निरंजन पुन्हा चालला होता. सकाळपासून त्याच्या अशाच येरझाऱ्या चालू होत्या. विहिरीपर्यंत जायचा, पंपाच्या खोलीच्या भिंतीला हात टेकून उभा राहायचा आणि परत फिरायचा.

"निशा, तुझा भाऊ काय बांध मोजून राहिला का गं?"

"मला काय माहीत, फुई." निशा पुरणाचे गोळे वळत होती. "काल आला तेव्हापासून असाच आहे. आप्पांनी विचारलं तर म्हणे, हवा खातो. एवढी लू चालू आहे, आणि हा हवा खातोय."

फुई म्हणजे बापाची बहीण, पण या दोघा भावंडांना कोकिळा त्याहून जवळची होती. निशाच्या जन्माच्या वेळी भागीरथी वहिनी गेली. भाऊ गिरधर, म्हणजे पोरांचे आप्पा, तान्ही पोर आणि केळीची बाग यात पार बुडाला, तेव्हा कोकिळानं छोट्या निरंजनला उचलून नेपानगरला नेलं. कागद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये तिचा किरण आणि भावाचा निरंजन एका गोधडीत वाढले, एका ताटात जेवले, आणि एकाच्या खोड्यांचा मार दोघांनी खाल्ला. पुढं निरंजन फौजेत अफसर झाला. ते बघून किरणही भरतीच्या मैदानावर धावला आणि शिपाई म्हणून लागला. दोघांचे गणवेशातले फोटो तिच्या चांदनी गावच्या घरात शेजारी शेजारी टांगलेले होते.

मागच्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटली आणि सीमेवर पेटलं. दोघं एकाच पट्ट्यात होते. निरंजन मागच्या एका ठाण्यात ड्रोनच्या तुकडीवर, किरण पुढच्या चौकीवर. पेटलेलं लवकर विझलंही, पण विझायच्या आत किरणच्या चौकीवर गोळे पडले. गुडघ्याखालचा डावा पाय डॉक्टरांना काढावा लागला. तो अख्खा पावसाळा कोकिळानं पुण्याच्या फौजी दवाखान्यात काढला. निरंजनचे फोन यायचे. आवाज यायचा, माणूस आला नाही. सुट्टी नाही म्हणायचा, आणि तीही लोकांना तेच सांगायची.

आज आखाजी होती. लेकीबाळींनी माहेरी यायचा सण. शहरातल्या शनवारा मोहल्ल्यातल्या घराभोवती यंत्रमागांची खडखड सणालाही थांबत नाही, म्हणून गिरधर आताशा सण तापीकाठच्या मळ्यातच करायचा. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढं पत्र्याची पडवी, बाजूला निंब. निंबाला झोका बांधला होता आणि त्याच्या सावलीत खाटेवर पत्त्यांचा डाव रंगला होता. एका बाजूला गिरधर, समोर कोकिळाचा नवरा बाबुराव, आणि मध्ये नकली पाय लांब सोडून बसलेला किरण.

"मामा, पत्ता लपवून राहिले तुम्ही!" किरण ओरडला. "फुल चीटिंग चालू आहे इथं. दादा, ये ना यार. तू बस माझ्या बाजूनं."

बांधावरून निरंजननं हात हलवला. "येतो."

आणि तो विहिरीकडं वळला.

कोकिळानं ते पाहिलं. रात्रीपासून ती पाहत होती. पोरगा सगळ्यांशी बोलत होता, पण किरणशी बोलताना त्याची नजर किरणच्या खांद्यावरून पलीकडं जायची. तिनं मांडा उतरवला, उलथनं निशाच्या हातात दिलं, तांब्याभर पन्हं घेतलं आणि पदर डोक्यावर ओढून उन्हात निघाली.

पंपाच्या खोलीमागं केळीची दाट सावली होती. निरंजन तिथं पाइपावर बसला होता. तिला पाहून उठला.

"बैस. हे पी आधी."

त्यानं तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"काय झालं रे? नोकरीत काही झालं का?"

"नोकरीत काही नाही, फुई. तिथं सगळं क्लिअर झालं. चौकशी झाली, मला विचारलं, मी सांगितलं. म्हणाले, तुझं काही चुकलं नाही."

"कसली चौकशी?"

निरंजननं तांब्या खाली ठेवला. मग जे बोलला ते खाली बघत बोलला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबला नाही.

त्याच्याकडं जी ड्रोन होती ती वर घिरट्या घालायची, खालचं दाखवायची, आणि सांगितलं की खाली झेपावून फुटायची. झेपावली की परत नाही. त्या दुपारी पलीकडच्या एका गावात त्याला उखळी तोफ दिसली. घराच्या मागच्या भिंतीला लागून लावलेली, वर फांद्या टाकलेल्या. नेम पक्का होता. वायरलेसवर वरिष्ठ म्हणाले, तुला दिसतंय, तू ठरव. आणि भिंतीच्या अलीकडं, अंगणात, एक बाई तंदूरपाशी बसून रोट्या लावत होती. जवळ पोरं होती. एक म्हातारा खाट ओढत सावलीत नेत होता.

"मी थांबलो," निरंजन म्हणाला. "म्हटलं, रोट्या झाल्या की ही आत जाईल. पोरं हटतील. वरच्या वर घिरट्या घालत राहिलो. ती उठेचना, फुई. एक रोटी काढायची, दुसरी लावायची. तेवढ्यात मागं जीप आली. त्यांनी तोफ चढवली आणि निघून गेले. झाडीत शिरले, मग दिसले नाहीत."

कोकिळाला अजून कळलं नव्हतं. म्हणजे कळलं होतं, पण तिनं ते दाराबाहेर उभं केलं होतं.

"संध्याकाळी किरणच्या चौकीवर गोळे पडले," निरंजन म्हणाला. "उखळी तोफेचे."

केळीची फाटकी पानं वाऱ्यानं खडखडली.

"तीच तोफ?"

"सांगता येत नाही. तिकडं आणखीही होत्या. पण असेल. मला वाटतं तीच असेल."

"तू बटण दाबलं असतं..."

"तर कदाचित त्याचा पाय राहिला असता."

कोकिळा त्या पाइपावर बसली. दवाखान्यातली ती पहिली सकाळ आठवली. चादर एका बाजूला गुडघ्याशीच सपाट झाली होती, आणि शुद्धीवर येता येता पोरगं म्हणालं होतं, आई, डाव्या पायाला खाज येऊन राहिली गं, खाजव ना.

"ती बाई तुझी कोण लागत व्हती रे?" तिनं विचारलं. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "मी कोण व्हते तुझी?"

निरंजन म्हणाला, "त्याच्या आदल्या दिवशी मी एका गाडीवर दाबलं होतं. हत्यारं नेत होते, सगळं नियमात होतं. पण स्क्रीनवर नंतरही दिसत राहतं, फुई. त्यातला एक जण सरपटत बाहेर आला. मग थांबला. ते मी कोणाला सांगितलं तर लोक पाठ थोपटतात. आणि हे सांगितलं तर..."

"हे मले सांगू नको," कोकिळा म्हणाली आणि उठली. "मले काही सांगू नको आता."

तांब्या तिथंच राहिला.

ती पडवीत परतली तेव्हा गिरधर तिची वाट पाहत चुलीपाशी उभा होता. निशा आत तूप आणायला गेली होती. भावानं बहिणीचा चेहरा पाहिला आणि त्याचे खांदे पडले.

"सांगितलंच त्यानं."

"तुले माहीत व्हतं?"

"दिवाळीत बोलला मले. तो तवाच तुझ्याकडे निघाला व्हता चांदनीले. मीच अडवलं." गिरधर घाईघाईनं, हळू आवाजात बोलत होता. "मले एकच बहीण हाय, कोकिळे. भागीरथी गेल्यावर ह्या घराचा तूच आधार. म्हटलं, पोराचा पाय तर काही परत येत नाही. मग सांगून काय करायचं? घर तेवढं तुटंल. आता ऐक माझं. बाबुरावांच्या कानावर जाऊ देऊ नको. नि किरणच्या तर नाहीच."

"म्हणजे मी एकटीनं पोटात ठेवू?"

"मीही ठेवलंच ना."

"तुझ्या पोराचे दोन्ही पाय हायेत, भाऊ."

खापरावरचा मांडा करपला होता. कोकिळानं तो काढून बाजूला टाकला आणि नवा गोळा हातावर घेतला. मांडा मधोमध फाटला. आयुष्यात तिचा मांडा असा फाटला नव्हता.

जेवायला सगळे पडवीत ओळीनं बसले. आमरस, मांडे, सांजोऱ्या, तळलेल्या कुरडया. पितरांचा घास काढून झाला होता. कोकिळा वाढत निघाली. बाबुराव, गिरधर, किरण. किरणच्या शेजारी निरंजनचं ताट होतं. दर सणाला ती त्याला पहिला मांडा वाढायची आणि किरण लटकंच भांडायचा. आज ती त्याच्या ताटावरून पुढं गेली आणि निशाला वाढलं.

विसरली असेल असं क्षणभर सगळ्यांना वाटलं. मग ती रसाचं पातेलं घेऊन आली आणि पुन्हा पुढं गेली.

"अगं, निरंजन राहिला," बाबुराव म्हणाले. त्यांनी उभं आयुष्य कारखान्याच्या युनियनमध्ये काढलं होतं, आणि वाटणीत कोणी सुटलेलं त्यांना चालायचं नाही.

कोकिळा पातेलं धरून उभी राहिली.

"आई नाही, मावशी नाही, आणि आता फुईनं पण टाकला. बिचारा दादा," किरण हसत म्हणाला. पण आईच्या तोंडाकडं बघून त्याचं हसू विरलं. "काय झालं, आई?"

"काही नाही रे, जेव," गिरधर पटकन म्हणाला. "उन्हानं थकली ती."

"आप्पा, राहू द्या." निरंजननं ताट पुढं सरकवलं. "मी सांगतो. त्यासाठीच आलोय."

त्यानं सांगितलं. विहिरीपाशी सांगितलं होतं त्याहून थोडक्यात, आणि या वेळी किरणकडं सरळ बघत. बोलून झालं तेव्हा रसावर एक माशी बसली होती आणि ती कोणी हाकलत नव्हतं.

पहिले बोलले ते बाबुराव. सौम्य माणूस. पोराचा पाय गेला तेव्हाही ते आवाज चढवून रडले नव्हते.

"त्या तिकडच्यांना दया आली होती का? माझ्या पोराच्या चौकीवर गोळे टाकताना कोणी घिरट्या घातल्या का, कोणी खाली वाकून बघितलं का?"

"फुवा, चौकी हे फौजी ठाणं आहे. त्यावर मारणं नियमात बसतं," निशा हळूच म्हणाली. ती इंदूरला वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. "पण घरातली साधी माणसं वेगळी. जिनिव्हाचे करार आहेत, आपणही त्यांत आहोत. समोरचा पाळत नाही म्हणून आपण मोडायचे, असं त्यात चालत नाही."

"आणि घराच्या भिंतीला तोफ लावणारा? तो कोण?"

"तो गुन्हेगारच आहे. पण त्याच्या गुन्ह्याची शिक्षा त्या बाईला नाही देता येत."

"म्हणजे दाबलं असतं तर निरंजन गुन्हेगार झाला असता, असंच ना?"

निशानं भावाकडं पाहिलं. खोटं बोलली असती तर त्या घटकेला फार सोपं झालं असतं.

"तसं नाही, फुवा. कायदा म्हणतो, तोलून बघा. तोफ उडवल्यानं किती वाचतील आणि जवळचे किती मरतील. शक्य तेवढी काळजी घ्या. पण एवढं करून दाबलं असतं तर... कदाचित तेही बसलं असतं."

"बसलं असतं!" बाबुरावांनी मांडीवर हात आपटला. "ऐकलं का, गिरधर? दाबलं असतं तरी चाललं असतं. तुझ्याच पोरीनं सांगितलं."

"ती पोरगी काय बोलते..." गिरधर चाचरला. "निशा, तू आत जा."

"आप्पा, ती बरोबर बोलतेय," निरंजन म्हणाला. "दोन्ही चाललं असतं, फुवा. म्हणून तर मला इथं यायचं होतं. कायद्यानं मला सोडलं. मी दाबलं असतं तरी सोडलं असतं. ते नियमानं ठरलं नाही, ते मी ठरवलं. पुन्हा तसंच समोर आलं तरी बहुतेक हेच करीन, हेही तुमच्यापासून लपवत नाही. फक्त तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. मी ऐकून घेतो."

बाबुराव उठले. हात न धुता पायऱ्या उतरले आणि निंबाखाली पाठ करून उभे राहिले. "सामान आवर," ते न वळता म्हणाले. "संध्याकाळच्या गाडीनं चांदनीला जाऊ."

मग सगळ्यांचे डोळे किरणकडं गेले. तो ताटातल्या मांड्याची घडी घालत होता. बारीक, आणखी बारीक. मग त्यानं काठी घेतली, खांबाला धरून उठला आणि बागेच्या वाटेनं चालू लागला. नकली पावलाचा टप टप आवाज मातीत मऊ होत गेला.

निरंजन उठायला लागला.

"तू बैस," कोकिळा म्हणाली. "मी जाते."

किरण तापीच्या काठावर, बांध जिथं संपतो तिथं बसलेला सापडला. उन्हाळ्यातली नदी खाली दूर आकसली होती. मधल्या वाळूत कोणी टरबुजांचे वेल लावले होते. ऊन कलायला लागलं होतं. कोकिळा त्याच्या शेजारी बसली. तिला वाटलं होतं तो रडत असेल, पण तो रडत नव्हता.

"आम्हाला पण दिसायचं ते गाव," किरण म्हणाला. "चौकीवरून. सकाळी धूर यायचा सगळ्या घरांतून. थंडीत आम्ही म्हणायचो, यार, काय गरम गरम खात असतील साले."

कोकिळानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आई, तू काय केलं असतं?"

तिला दुसरं काही सांगता आलं असतं. चांगली बाई काय सांगेल ते तिला माहीत होतं.

"मी दाबलं असतं," ती म्हणाली. "ती बाई दिसली असती तरी. पोरं दिसली असती तरी. तुझ्या नखाले धक्का लागणार व्हता हे कळलं असतं, तर मी अख्खं गाव जाळलं असतं."

किरणनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. लहानपणी ताप आला की ठेवायचा तसं.

"मी पण," तो म्हणाला. "दादा चौकीवर असता नि मी मशिनवर, तर मी पण दाबलं असतं. सोचलं नसतं." मग म्हणाला, "म्हणून बरं आहे, ते ना तुझ्या हाती होतं ना माझ्या."

"तुले राग नाही आला?"

"आला ना. झूठ काय बोलू. पायासाठी पण आला. पण मला दुसराच राग येऊन राहिला जास्त." त्यानं काठीचं टोक मातीत खुपसलं. "तो आला नाही, आई. अख्खा पावसाळा. दुसऱ्यांचे भाऊ यायचे, यार-दोस्त यायचे, कोणी रेल्वेत उभं राहून यायचं. मी दाराकडे बघत पडायचो. मला वाटायचं, लंगडा भाऊ बघायला त्याला लाज वाटून राहिली. अफसर आहे ना. तू म्हणायची सुट्टी नाही, मी मान हलवायचो."

सकाळपासून कोकिळानं फक्त गेलेला पाय मोजला होता, न आलेला भाऊ मोजला नव्हता.

मागं पाचोळा वाजला. निरंजन सांगितलेलं ऐकून बसला नव्हता. केळीच्या शेवटच्या ओळीत उभा होता, आणि त्यानं किती ऐकलं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"लाज माझीच होती," तो म्हणाला. "तुझी कशाला असेल? पुण्याच्या स्टेशनपर्यंत एकदा आलो होतो. रिक्षात बसलो. दवाखान्याचं गेट दिसलं आणि रिक्षा वळवायला सांगितली."

"वळवली?"

"वळवली."

"साला," किरण म्हणाला. "इकडे ये. बस."

निरंजन त्याच्यासमोर मातीत बसला. किरणनं पँट वर गुंडाळली, पट्टे सोडले, आणि नकली पाय काढून बाजूला ठेवला. घामानं भिजलेला मोजा सोलून काढला. दिवसभराच्या उन्हानं आणि चालण्यानं टाक्यांची जागा लाल झाली होती. एका कडेला कातडी सोलली होती. कोकिळानं सवयीनं पदराचं टोक पुढं केलं, पण किरणनं मानेनंच नको म्हटलं.

"बघ," तो निरंजनला म्हणाला. "तिकडे नको बघू, इकडे बघ. तुझ्या स्क्रीनवर वरून दिसतं ना, तसं नाही. हात लाव."

निरंजनचा हात वर आला आणि मध्येच थांबला. किरणनं मनगट धरून तो हात आपल्या पायाच्या उरलेल्या भागावर ठेवला. निरंजननं डोळे मिटले. मग दुसराही हात ठेवला, दोन्ही तळव्यांत तो भाग धरला, आणि त्याची मान खाली खाली गेली. खांदे हलायला लागले, पण आवाज आला नाही. किरण ओठ दाबून त्याच्या केसांकडं बघत होता. एकदा त्यानं हात उचलला, पुन्हा खाली घेतला, आणि शेवटी त्या डोक्यावर ठेवलाच.

"बस कर ना आता," तो म्हणाला. "जळजळ होऊन राहिली. खारं पाणी आहे, यार."

निरंजनच्या तोंडून हसणं आणि हुंदका एकदमच निघाला.

त्यानं खालच्या डबक्यातून रुमाल भिजवून आणला. किरण सांगत गेला, हळू, घासू नको, दाबून टिप, आणि निरंजन तसं तसं करत गेला. कोकिळा जवळच बसून होती. तिच्या पोटातला सकाळचा निखारा विझला नव्हता. तो इतक्या लवकर विझणारा नव्हता, आणि विझला म्हणून दाखवायचीही तिला गरज वाटली नाही. पण ज्या हातांनी टिपलं जात होतं, त्यांची नखं तिनं वर्षानुवर्षं दर रविवारी कापली होती.

बांधावर बाबुराव येऊन उभे राहिले होते. हातात प्रवासाची पिशवी होती. खाली काय चाललंय ते त्यांनी पाहिलं. खाकरले. "गाडीची वेळ होतेय," ते म्हणाले, पण पाय हलले नाहीत. मग पिशवी खाली ठेवून तिथंच बांधावर बसले, थोडं लांब, तोंड नदीकडं करून. त्यांच्या मागून गिरधर आला. बसावं की नाही या विचारात उभाच राहिला. बाबुरावांनी वर न बघता पिशवी बाजूला सरकवली तेव्हा बसला.

"दादा," किरणनं विचारलं, "ती बाई नंतर दिसली का कधी?"

"दुसऱ्या दिवशी गोळीबार थांबला. शेवटची फेरी मी त्याच गावावरून मारली." निरंजन रुमाल पिळत होता. "घर उभं होतं. पण अंगणात कोणी नव्हतं. तंदूर थंड होता. गावच रिकामं झालं होतं. निघून गेले असतील कुठंतरी."

"नाहीतर?"

"माहीत नाही."

नदीवरून वारा आला. वाळूतल्या वेलांवरून, काठावरच्या केळींवरून. ज्या बाईला तिनं दिवसभर मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या तिचा चेहरा कोकिळाला दिसेना. दिसत होते नुसते हात, भट्टीच्या धगीनं लाल झालेले. एक रोटी काढायची, दुसरी लावायची. पोरांना भूक लागली असताना कोण बाई उठेल?

"गेलेच असतील," कोकिळा म्हणाली. ती निरंजनशी बोलत होती, दुपारनंतर पहिल्यांदाच. "जिवंत असू दे तिले, देवा. कुठं का असंना, पोरांले रोट्या करून घालत असू दे. नाहीतर माझ्या पोराचा पाय कोणासाठी गेला रे?"